मोटरहोम घेऊन वर्षभर देशाबाहेर: शेवटच्या दोन आठवड्यांत तयारी आधी की माणसं आधी?

रानवाट
नमस्कार मंडळी. नवरा आणि मी आमची मोटरहोम घेऊन साधारण वर्षभरासाठी देशाबाहेर निघतोय. रस्त्यानेच, सीमा ओलांडत. निघायला दोन आठवडे उरलेत.

कामांची यादी भिंतीवर लावली आहे. दोन कामं खोडली की तीन नवी लिहिली जातात. त्या नादात माणसं राहून जातायत. मित्रमैत्रिणी "तुमची गडबड असेल, नंतर बोलू" म्हणून मागे सरतात, आणि नंतर म्हणजे आम्ही गेल्यावर, हे कुणी बोलत नाही. आईचं वय झालंय. रोज फोनवर ती एकच विचारते, गाडीत झोप लागते का गं? तिच्याजवळ एक अख्खा दिवस बसायचं ठरवलंय, आणि तो दिवस सारखा पुढे जातोय.

माझं मत असं की तयारी शेवटच्या आठवड्याआधी थांबवावी आणि तो आठवडा माणसांना द्यावा. नवरा म्हणतो, सीमेवर एक कागद कमी पडला तर सगळ्यांचा निरोप घेऊन चौथ्या दिवशी परत यावं लागेल. त्याचंही खरं आहे. जे असे लांब गेलेत त्यांनी हे कसं जमवलं? गाडीबद्दलचे सल्लेही हवेच आहेत.

सावकाश
तुमच्या मताला अनुमोदन. पण थांबण्याआधी यादी दोन रकान्यांत फोडा: जे फक्त घरच्या देशात होतं ते एका बाजूला, जे वाटेत कुठेही होतं ते दुसऱ्या. पडदे, डबे, कप्प्यांच्या जाळ्या, जादाचा पाण्याचा पाइप, घडीच्या खुर्च्या हे सगळं दुसऱ्या रकान्यात. दुकानं सगळ्या जगात आहेत. लायसन्स, गाडीचे कागद, मुखत्यारपत्र, लसी, दात, चष्मा हे पहिल्यात. यादी निम्म्याहून कमी होते, आणि उरलेली खरोखर संपते.

गिअरबॉक्स
पहिल्या रकान्यात एक काम घाला: गाडी वजनकाट्यावर नेणे. रिकामी नव्हे, पूर्ण भरलेली. डिझेल, पाणी, गॅस, कपडे, सायकली आणि तुम्ही दोघं आत बसलेले.

युरोपात साध्या कारच्या लायसन्सवर चालवता येणाऱ्या बहुतेक मोटरहोमची कमाल मर्यादा ३५०० किलो असते. गाडी कारखान्यातून निघते तेव्हाच त्यातले बरेच वजन खर्ची पडलेले असते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे १०० लिटरची टाकी भरली की १०० किलो तिथेच गेले. वर्षभराचं सामान भरल्यावर काटा कुठे जाईल याचा घरी बसून अंदाज येत नाही.

एकूण वजनाइतकंच प्रत्येक अ‍ॅक्सलचं वजन महत्त्वाचं (अ‍ॅक्सल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा). लोक जड वस्तू मागच्या मोठ्या कप्प्यात टाकतात कारण तिथे जागा असते. समजा दोन अ‍ॅक्सलमध्ये ४ मीटर अंतर आहे आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या २ मीटर मागे तुम्ही १०० किलो ठेवलेत. मागच्या चाकांवर १५० किलो वाढतात आणि पुढची चाकं ५० किलोंनी हलकी होतात. गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असेल तर ओल्या चढावर ती जागेवरच घसरायला लागते. म्हणून जड ते खाली आणि दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये, हलकं ते वर.

टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३२१ असेल तर २०२१चा तेविसावा आठवडा. मोटरहोमचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात: नक्षी नव्यासारखी दिसते आणि बाजूला बारीक भेगा असतात. बॅटरीच्या टॉर्चने आतली बाजूही बघा. हवेचा दाब काट्यावर आलेल्या वजनाप्रमाणे ठरवायचा आणि टायर थंड असताना मोजायचा.

मुक्ता
वजनावरून एक सांगते, निरोपाशीच संबंध आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण हातात काहीतरी घेऊन येतो. कंदील, पुस्तकं, भांड्यांचा संच, "वाटेत उपयोगी पडेल" म्हणून अवजारं. प्रेमाने दिलेलं असतं, नाही म्हणवत नाही, आणि गाडीत त्याला जागा नसते.

आम्ही आधीच सगळ्यांना कळवलं होतं की वस्तू नको, प्रत्येकाने आपला पूर्ण पत्ता स्वतःच्या अक्षरात आमच्या वहीत लिहावा आणि खाली एक ठिकाण लिहावं जिथून त्याला पत्र हवंय. वहीचं वजन काहीच नाही. एका मावशींनी ठिकाणाऐवजी लिहिलं, "जिथे पहिल्यांदा कंटाळा येईल तिथून." त्यांचं पत्र सगळ्यात लांबलचक झालं.

तिसरी_घंटा
मी वेगळं मत मांडतो. निरोपसमारंभ करूच नये. एका हॉलमध्ये साठ माणसं, प्रत्येकाला तेच तीन प्रश्न, तीच उत्तरं. ज्यांच्याशी बोलायचंय त्यांच्याशी त्या दिवशी दोन वाक्यंही होत नाहीत. सगळ्यांना एक निरोपाचा मेसेज पाठवावा आणि पहाटे निघावं. वर्ष काही फार नसतं, आणि आता रोज चेहरा बघून बोलता येतं.

अनघा_के
@तिसरी_घंटा, समारंभ नको इथपर्यंत सहमत. पहाटे निघून जावं याला माझा ठाम विरोध आहे, आणि तो मागे राहिलेल्या माणसाचा विरोध आहे.

माझे आईबाबा निवृत्तीनंतर असेच मोटरहोमने गेले. मी घरी होते. जाणाऱ्याला रोज नवा रस्ता असतो. मागे राहणाऱ्याचा रस्ता तोच असतो, फक्त त्यावरचं एक घर बंद असतं. मला राग कधीच आला नाही, पण पहिले दोन महिने फार जड गेले. त्यांनी जाण्याआधी केलेल्या काही गोष्टींनी मला तारलं, त्या सांगते.

बाबांनी मला गाडीतलं सगळं उघडून दाखवलं. पाणी कुठे भरतात, गॅस कुठून बंद होतो, औषधांचा डबा कुठे आहे. मग एक रात्र मला गाडीत झोपायला लावलं. त्यानंतर फोनवर आई "मी खिडकीशी बसलेय" म्हणाली की मला ती खिडकी दिसायची. ती कुठेतरी अधांतरी आहे असं वाटणं बंद झालं.

दुसरं म्हणजे त्यांनी फोनचा नियम ठरवला, आणि तो कमी बोलण्याचा होता. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वारी मोठा फोन. मधे फक्त एक ओळ, कुठे मुक्काम आहे तेवढी. डोंगराळ किंवा वाळवंटी भागात जाताना आधी कळवायचं की आता चार दिवस काही येणार नाही. रोज फोनची सवय लावली असती तर ज्या दिवशी रेंज नसेल त्या दिवशी मी दवाखाने शोधत बसले असते.

रानवाट ताई, तुमच्या आई रोज झोपेबद्दल विचारतायत ना? त्यांना एक रात्र गाडीत मुक्कामाला न्या. घराच्या दारात उभी केलीत तरी चालेल. त्या प्रश्नाचं फोनवर उत्तर देता येत नाही.

रानवाट
अनघा, हे वाचून नवऱ्याला वाचून दाखवलं. आईला शनिवारी रात्री गाडीत नेतोय. तिला विचारलं तर म्हणाली, खालचा पलंग देणार असाल तर येते.

दूरदेशी
नवऱ्याच्या बाजूने कागदांचं बोलतो. त्यांची काळजी रास्त आहे.

इराण, पाकिस्तान, इजिप्त यांसारख्या देशांत गाडी तात्पुरती नेण्यासाठी कार्नेट लागतं, म्हणजे जकात न भरता गाडी आत नेऊन परत बाहेर काढण्याचा कस्टमचा दस्तऐवज. देशोदेशीच्या मोटर संघटना ते देतात. गाडीच्या किमतीच्या प्रमाणात हमी घेतात आणि साधारणपणे ते एक वर्ष चालतं. प्रत्येक देशात शिरताना एक शिक्का, बाहेर पडताना दुसरा. बाहेरचा शिक्का राहिला तर गाडी त्या देशात विकली असं धरून हमीतून जकात मागितली जाऊ शकते. रात्री दोन वाजता सीमेवर कितीही झोप येत असो, शिक्का बघितल्याशिवाय हलायचं नाही.

आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परवाना एकाच प्रकारचा नसतो. १९४९च्या जिनिव्हा कराराचा एक वर्ष चालतो, १९६८च्या व्हिएन्ना कराराचा तीन वर्षांपर्यंत. जपान फक्त १९४९चा मानतं. तुमच्या वाटेतला प्रत्येक देश कोणता मानतो ते तपासा, आणि मूळ लायसन्स सोबत हवंच.

युरोपात गोंधळ होतो तो दोन घड्याळांचा. शेंगेनमध्ये, म्हणजे आपसांतली सीमातपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांच्या गटात, २९ देश आहेत, आणि बाहेरच्या पाहुण्यांना कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस मिळतात. ते माणसाचं घड्याळ. युरोपीय संघाबाहेर नोंदलेली खासगी गाडी मात्र साधारणपणे १२ महिन्यांत ६ महिने राहू शकते. ते गाडीचं. १२ ऑक्टोबर २०२५पासून तिथे बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन प्रवेशाची संगणकीय नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे दिवस बोटांवर न मोजता तक्ता करा.

आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेचा विचार असेल तर पिवळ्या तापाची लस आजच घ्या. दाखला १० दिवसांनी लागू होतो. दोन आठवड्यांत जेमतेम बसेल.

झुळूक
मधेच विचारते, क्षमस्व. आम्ही पुढच्या वर्षी जाणार आहोत आणि कुत्रा बरोबर न्यायचाय. शेवटच्या महिन्यात लस टोचली की झालं ना?

दूरदेशी
@झुळूक, नाही, आत्ताच सुरू करा. युरोपीय संघासाठी आधी मायक्रोचिप आणि मग रेबीजची लस, हा क्रम उलटा चालत नाही. पहिल्या लसीनंतर किमान २१ दिवस थांबावं लागतं. तुमचा देश त्यांच्या यादीत नसेल तर लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची तपासणी, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने वाट. परत घरी आणण्याचे नियम वेगळे असतात, तेही आधी बघा.

झुळूक
बापरे. धन्यवाद दादा. उद्याच डॉक्टरांकडे नेते.

चांदणचुरा
गॅसबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. ब्युटेन शून्य अंशाच्या जरा खालीच वायू व्हायचं थांबतं, प्रोपेन उणे ४२पर्यंत होत राहतं. थंडीत जाणार असाल तर प्रोपेन बघा, नाहीतर सिलिंडर भरलेलं असतं आणि शेगडी पेटत नाही. सिलिंडरचं तोंड देशागणिक बदलतं. गाडीत बसवलेली टाकी पंपावर भरणाऱ्यांसाठी युरोपात चार प्रकारचे जोड आहेत, चारही मिळून मुठीएवढी पिशवी होते. बोटीवर गाडी चढवताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद.

गॅसगळतीचा अलार्म जमिनीलगत लावा कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा अलार्म झोपण्याच्या उंचीला हवा. एकावर भागत नाही. निघण्याआधी बटण दाबून दोन्ही वाजतात का बघा.

पाऊलखुणा
बँक! घरच्या नंबरवर येणारा ओटीपी. लोक घरचं सिमकार्ड बंद करून निघतात आणि मग परक्या देशात बसून स्वतःच्याच पैशाला हात लावता येत नाही. ते कार्ड जुन्या फोनमध्ये चालू ठेवा, मधूनमधून रिचार्ज करायची जबाबदारी कुणावर तरी सोपवा. दोन वेगळ्या बँकांची दोन कार्डं, वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेली. घराच्या विम्याची पॉलिसीही वाचा. घर सलग बरेच दिवस रिकामं राहिलं तर काही पॉलिसी नुकसानभरपाई देत नाहीत.

तिसरी_घंटा
अनघा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी जाणाऱ्याच्या बाजूनेच विचार करत होतो. पहाटे निघण्याचं मागे घेतो, हॉल नको हे कायम.

संथवाहिनी
मी इथे वयाने मोठी असेन, म्हणून जे कुणी लिहीत नाहीये ते लिहिते.

रानवाट, घरी कुणी आजारी पडलं तर काय करायचं, हे आईशी आणि भावंडांशी उघड बोलून घ्या. अशुभ वगैरे काही नसतं. बोललं नाही की काय होतं ते मी जवळून पाहिलंय: आई आजार लपवते कारण मुलीचा प्रवास मोडायला नको, भाऊ लपवतो कारण आईने शपथ घातलेली असते, आणि मुलीला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. आईकडून वचन घ्या की कळवेल. तुम्हीही वचन द्या की कळलं म्हणून दर वेळी धावत येणार नाही. दोन्ही वचनं लागतात, एकावर दुसरं टिकत नाही. यायचं की नाही याचा सल्ला घरातलं कोण देणार, ते एक नाव ठरवा. तुमच्या तातडीच्या विमानतिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्यांना प्रवासात हात लावू नका.

आणि इथे दूरदेशींना प्रश्न आहे. गाडी एखाद्या देशात आहे आणि यांना दोन दिवसांत विमानाने घरी यायचंय. गाडी तिथे ठेवून येता येईल का?

दूरदेशी
काकू, नेमकं बोट ठेवलंत. कार्नेटच्या देशांत गाडी तुमच्या नावावर आत आलेली असते, काही ठिकाणी तशी नोंद पासपोर्टवरही करतात. तिला मागे ठेवून एकट्याने देशाबाहेर पडायला कस्टमची परवानगी लागू शकते. कधी गाडी त्यांच्या ताब्यातल्या आवारात ठेवावी लागते. विमानतळावर जाऊन हे कळलं तर विमान गेलं म्हणून समजा.

रानवाट, वाटेतल्या प्रत्येक देशापुढे ही एक नोंद करून ठेवा: गाडी सोडून बाहेर पडता येतं का, आणि परवानगी कुणाकडून. तुम्ही दोघं आहात, तर कार्नेट एकाच्या नावावर असताना दुसऱ्याला मोकळेपणाने निघता येतं, हेही ध्यानात घ्या. आई तुमची आहे. कागद नवऱ्याच्या नावावर असलेले बरे.

गिअरबॉक्स
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

रानवाट
मंडळी, काल रात्री आम्ही दोघं हा सगळा धागा घेऊन बसलो. "तयारी आधी की माणसं आधी" हा आमचा वाद संथवाहिनी काकू आणि दूरदेशींच्या प्रतिसादांनी संपवला. गाडी कुणाच्या नावावर सीमा ओलांडणार हे कागदाचं काम आहे असं आम्ही धरून चाललो होतो. खरं तर ते आईचं काम आहे. कार्नेटचा अर्ज माझ्या नावाने भरून ठेवला होता, अजून दिला नव्हता. आज नवऱ्याच्या नावाने नवा भरला. गाडीची मालकी दोघांची असल्याने मोटर संघटनेने माझं संमतीपत्र मागितलंय, ते देतेय. आठवडाभर उशीर झाला तर आठवडाभर उशिरा निघू, नवराच असं म्हणाला.

गाडी काट्यावर नेली. एकूण वजन मर्यादेत आहे, मागचा अ‍ॅक्सल मात्र काठावर. सायकली आणि अवजारांची पेटी मधल्या कप्प्यात हलवतोय. मुक्ताची वही आणली. पहिलं पान शेजारच्या मुलीने भरलं, तिला पत्र "बर्फातून" हवंय.

आईने शनिवारची रात्र गाडीत काढली. गादी छान आहे म्हणाली, आणि पंखा आवाज करतो म्हणाली. सकाळी तिला गॅसचा व्हॉल्व्ह दाखवला, तर तिने तो स्वतः दोनदा उघडून बंद करून पाहिला. आजाराचं बोलणं झालं. अवघड गेलं. आधी तिने विषय बदलला, मग रडली, मग भावाला फोन लावून त्याच्यासमोर वचन दिलं. माझ्याकडूनही घेतलं. सल्ल्यासाठी नाव ठरलं: वहिनी. ती घाबरत नाही आणि लपवत नाही.

शेवटचा आठवडा माणसांसाठी मोकळा ठेवलाय. दिवसाला एक घर, एवढंच. एकच प्रश्न उरलाय: निघताना घरासमोर सगळे जमणार म्हणतायत. येऊ द्यावं का?

तिसरी_घंटा
मी नको म्हणणार हे माहीत असून विचारताय! येऊ द्या. फक्त त्या दिवशी लांबचा टप्पा ठेवू नका. रडून झाल्यावर आठ तास मोठी गाडी चालवायची नसते.

सावकाश
+१. पहिला मुक्काम तास-दीड तासावर ठेवा. काही राहिलं असेल तर परत येऊन नेता येतं, आणि गाडीत काय हलतंय, कुठे वाजतंय तेही पहिल्या रात्रीच कळतं.

गिअरबॉक्स
तेवढ्या अंतरावर थांबलात की चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या, टायर अलीकडे काढले-घातले असतील तर. आणि सगळे हात हलवत उभे असताना गाडी मागे घेऊ नका. आदल्या रात्रीच तोंड रस्त्याकडे करून उभी करा.

अनघा_के
आई त्या दिवशी एकट्या घरी परतणार नाहीत एवढं बघा. कुणीतरी दोन दिवस त्यांच्याकडे राहायला जावं.

रानवाट
वहिनी आणि मुलं चार दिवस राहणार आहेत, आजच ठरलं. गाडी आदल्या रात्री फिरवून ठेवतो. कार्नेट हातात आलं की तारीख इथे कळवते.